पेड इंटर्नशिप खरी आहे, पण पहिले तीन महिने घरचेच पैसे लागतात

तुझा प्रश्न नीट वाचला. मेकॅनिकल थर्ड इयर, कॉलेज सांगलीत, वडील कुपवाड एमआयडीसीत मशीन शॉपला, डीआरडीओच्या (संरक्षण खात्याची संशोधन संस्था) सहा महिन्यांच्या पेड इंटर्नशिपचा मेसेज व्हॉट्सअॅपवर आलाय आणि तुला विचारायचंय की हे खरं आहे का, पुण्यात राहायचा खर्च त्यात निघतो का, पुढं नोकरी लागते का आणि ओळखीशिवाय होतं का. मी साताऱ्यात डिफेन्सचे मशीन्ड पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे, शिकताना पुण्यातल्या एका लॅबमध्ये प्रोजेक्ट केला होता आणि तेव्हापासून आपल्याकडच्या पोरापोरींचे अर्ज वाचून देते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इंटर्नशिप खरी आहे. डीआरडीओच्या वेगवेगळ्या लॅब आपापली जाहिरात काढतात, सगळ्यांची मिळून एकच परीक्षा वगैरे काही नसते. पैशाचं आधी बोलू कारण घरी तेच विचारणार. अलीकडच्या बऱ्याच जाहिरातींत महिन्याला ५,००० म्हणजे सहा महिन्यांचे ३०,००० रुपये आहेत, पण ते पगारासारखे एक तारखेला जमा होत नाहीत, तीन महिने झाले की १५,००० आणि काम संपवून रिपोर्ट दिला की उरलेले १५,०००, शिवाय महिन्यात किमान १५ दिवस हजेरी पाहिजे. राहायची सोय नाही, प्रवासखर्च नाही. म्हणजे पहिले तीन महिने रूमचं डिपॉझिट, भाडं, मेसचा डबा, बस सगळं घरून. पाषाण, सुतारवाडी किंवा दिघीकडं कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीत नुसती एक कॉट भाड्यानं घेऊन राहिलीस तरी हातात तीसएक हजार रोख असल्याशिवाय निघू नको. वडिलांना हे आत्ताच सांग, सिलेक्शन झाल्यावर नको. गेल्या काही वर्षांत चांगली चांगली पोरं मी याच कारणानं दुसऱ्या महिन्यात परत आलेली बघितलीत आणि ते बघून फार वाईट वाटतं, कारण काम त्यांना जमत होतं. सातारकरांना वाटतं रोज एसटीनं जाऊन येऊ, पण एका बाजूला एकशे दहा किलोमीटर आणि वर स्वारगेटपासून पुढचं ट्रॅफिक, सहा महिने हे कुणाच्याच्यानं होत नाही.

आता लॅब कुठली हे सगळ्यात महत्त्वाचं आणि इथंच पोरं सगळ्यात कमी वेळ देतात. डीआरडीओ म्हणलं की मिसाइल एवढंच डोक्यात असतं. तू मेकॅनिकलची आहेस तर पुण्यातच दोन जागा बघ. दिघीची आर अँड डीई इंजिनिअर्स, तिथं लष्करासाठी पूल तयार होतात, सर्वत्र नावाचा ट्रकवरून टाकायचा पूल त्यांचाच, बॉम्ब निकामी करायचा दक्ष रोबोटही त्यांचाच. आणि पाषाणची एआरडीई, तोफा, रॉकेट, दारूगोळा आणि पिनाका ही रॉकेट डागायची यंत्रणा तिथली. गाड्या आणि रणगाड्यांच्या चाचण्यांत रस असेल तर नगरची व्हीआरडीई. सुतारवाडीची एचईएमआरएल स्फोटकं आणि प्रोपेलंटची (रॉकेटचं जळण), तिथं केमिकलवाल्यांना जास्त वाव. तुझ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मैत्रिणीला बेंगळुरूची एलआरडीई सांग, रडारचं काम आहे. प्रत्येक जाहिरातीत ब्रँच आणि विषय दिलेले असतात, सीजीपीएची अट लॅबगणिक बदलते, ती वाचूनच पुढं जायचं. मेसेजमधला फॉरवर्ड वाचू नको, डीआरडीओच्या स्वतःच्या वेबसाइटवरची मूळ पीडीएफ उघड.

अर्जात काय लिहायचं ते उदाहरण देऊनच सांगते. दहातल्या आठ अर्जांत पहिलं वाक्य असतं, मला लहानपणापासून देशसेवेची आवड आहे. भावना खरी असेल, आपल्या जिल्ह्यांत तर घराघरात फौजी आहेत, अपशिंग्याला गावाच्या नावातच मिलिटरी लागतं, पण अर्ज वाचणाऱ्या सायंटिस्टला त्यातून तुला काय येतं ते कळत नाही. एका पोरानं मला दाखवलेल्या अर्जात होतं की वडिलांच्या शॉपमध्ये पातळ भिंतीचा अॅल्युमिनियम पार्ट टर्निंगला चेपायचा, मी सॉफ्ट जॉ (पार्ट पकडायचे मऊ जबडे) पार्टच्या मापाचे बोअर करून पकडायचा दाब कमी केला, आधी आणि नंतर ओव्हॅलिटी, म्हणजे गोलाई किती बिघडली ते डायल गेजवर मोजून टेबल सोबत जोडलंय. तेवढ्या चार ओळींत त्याला ड्रॉइंग वाचता येतं, मोजता येतं आणि कारण शोधता येतं हे दिसलं. तुझ्याकडं हे सगळं घरात आहे. या सुट्टीत वडिलांबरोबर शॉपवर जा, एक रिजेक्ट होणारा पार्ट धर, तो का रिजेक्ट होतो ते शोध आणि मोजमाप लिहून ठेव. मोठ्या शहरातल्या पोरांकडं सॉफ्टवेअरची सर्टिफिकेटं भरपूर असतात, मशीनवर निघालेली धातूची चिप हातात घेऊन बघितलेली नसते.

ओळखीचं म्हणशील तर मी ज्यांना मदत केली त्यातल्या कुणाची वरती ओळख नव्हती. फी मात्र कुणालाही द्यायची नाही. रजिस्ट्रेशनचे पाचशे भरा, सीट कन्फर्म करतो असं कुणी म्हणलं की तो फसवतोय असं धरूनच चाल.

नोकरीची हमी नाही, जाहिरातीत तसं स्पष्ट छापलेलं असतं. सायंटिस्ट बी, म्हणजे तिथला सुरुवातीचा सायंटिस्ट व्हायचं तर गेट परीक्षेचा स्कोअर आणि आरएसीचा (डीआरडीओचं भरती केंद्र) इंटरव्ह्यू हाच मुख्य रस्ता. पण लॅबमध्ये सहा महिने घालवलेल्या मुलीला आमच्यासारख्या कंपन्या इंटरव्ह्यूला वेगळ्या नजरेनं बघतात, हे मी स्वतः पॅनेलवर बसून सांगते.

आत गेल्यावरची एक गोष्ट आधीच समजून घे. गेटवर मोबाइल जमा, लॅपटॉप, पेनड्राइव्ह, स्मार्टवॉच काही आत नाही, रजिस्टरवर सही करायची आणि पास घेऊन जायचं. इंटर्नला अनक्लासिफाइड कामच मिळतं. घरी काही आणता येत नाही म्हणून संध्याकाळी आठवून अभ्यास करायची सवय लागते, आणि रिपोर्ट लॅबनं तपासल्याशिवाय कॉलेजला देता येत नाही. व्हायव्हाला फोटो, ड्रॉइंग दाखवता येणार नाही हे कॉलेजच्या गाइडला आधीच सांगून ठेव, नाहीतर ऐनवेळी मार्कांवरून वाद होतो.

बहुतेक जाहिराती सातव्या किंवा आठव्या सेमिस्टरसाठी असतात, म्हणजे तुझ्याकडं अजून वेळ आहे. वालचंद, कराडचं गव्हर्नमेंट, आरआयटी असल्या ऑटोनॉमस (स्वतःचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या) इंजिनिअरिंग कॉलेजांत आठव्या सेमला इंडस्ट्री इंटर्नशिप घेता येते, राहिलेला एखादा विषय ऑनलाइन करू देतात का ते एचओडींना सहाव्या सेमलाच विचार. नाहीच झालं तर डिग्रीनंतर एनएटीएस या सरकारी पोर्टलवरची अप्रेंटिसशिप आहे, ओझरचं विमानं बनवणारं एचएएल, डिफेन्स इलेक्ट्रॉनिक्सचं बीईएल, ऑर्डनन्स फॅक्टऱ्या घेतात. वर्षभराची असते, २०२५ पर्यंतच्या बऱ्याच जाहिरातींत ग्रॅज्युएटला ९,००० आणि डिप्लोमाला ८,००० दिलेले दिसायचे आणि हे पैसे महिन्याच्या महिन्याला असतात. घरची ओढाताण असेल तर मी हीच आधी धरायला सांगेन, त्यात कमीपणा अजिबात नाही.

कागदांचं एवढंच, की आधार, दहावीचं मार्कशीट आणि कॉलेज आयडीवर नाव एकसारखं पाहिजे. वडिलांचं नाव एका ठिकाणी पूर्ण आणि दुसरीकडं नुसतं इनिशिअल असेल तर आत्ताच दुरुस्त कर, पोलीस व्हेरिफिकेशनला तिथंच अडकतं. अर्ज कॉलेजमार्फत जातो, प्रिन्सिपलची सही-शिक्का लागतो, आणि मुदत कधीकधी दोनतीन आठवड्यांचीच असते. टीपीओकडं (कॉलेजचे प्लेसमेंट ऑफिसर) एनओसीचा, म्हणजे ना हरकत पत्राचा फॉरमॅट नसेल तर जाहिरातीच्या शेवटच्या पानांवर बघ, बहुतेक वेळा नमुना दिलेला असतो, तोच प्रिंट काढून टाइप करायला दे.