'आमच्या मध्ये' का 'आपल्या मध्ये'? बैठकीच्या कोड्यांवरचे तुमचे प्रश्न

बैठकीच्या कोड्यांवर, म्हणजे तुमच्या भाषेत सीटिंग अरेंजमेंटवर, गेल्या महिन्यात एवढे प्रश्न आले की शेवटी वहीत वेगळं पान करावं लागलं, आणि खरं सांगू का, त्यातले निम्मे तेच ते आहेत, फक्त गाव वेगळं. त्यातही ज्या कोड्यात माणसं एकमेकांशी बोलतात आणि त्या बोलण्यावरनं कोण कुठं बसलंय ते काढायचं असतं, तिथं मिरजेपासून जतपर्यंत सगळे एकाच खड्ड्यात पडतायत. म्हणून एकदाच सगळं लिहिते.

गोल टेबलाला आठ जण असतील तर पहिल्या माणसाला कुठं बसवायचं? (विटा)

कुठंही. गोलाला पहिली खुर्ची नसते, म्हणूनच आठ जण रांगेत ४०,३२० प्रकारे बसू शकतात आणि गोलात फक्त ५,०४० प्रकारे. खुर्च्यांना नंबर दिले असतील तर मात्र ही सवलत नाही.

मॅडम, डावं-उजवं दरवेळी उलटं होतं. काही ट्रिक आहे का? (मिरज)

ट्रिक नाही, खुर्ची आहे. उठा आणि त्या माणसाच्या जागी जाऊन बसा, मनातल्या मनात नाही, खरंच बसा. टेबलाकडं तोंड असेल तर तुमचा डावा हात घड्याळाच्या काट्यांच्या दिशेला येतो, बाहेर तोंड असेल तर उजवा. दोन रांगा समोरासमोर असतील तर लग्नाची पंगत आठवा, तुमच्या डावीकडनं भात येत असेल तर समोरच्याला तोच वाढपी त्याच्या उजवीकडं दिसतो.

पण तुम्ही पाठवलेला कागद बघितला तर तुमची चूक ही नाहीच. तुम्ही 'डावीकडून तिसरा' आणि 'रमाच्या डावीकडं तिसरा' हे एकच धरलंय. पहिल्यात रांगेच्या डाव्या टोकापासनं मोजायचं, दुसऱ्यात रमापासनं मोजायचं आणि रमाला धरायचं नाही, म्हणजे दोघांच्या मध्ये दोन जण येतात. अजून चार कोडी सोडवा आणि शिकवणाऱ्या कुणाला तरी समोर बसून दाखवा, नुसत्या उत्तरावरनं चूक कुठं होते ते कळत नाही.

एक पीडीएफ ४९९ रुपयांना मिळतीय, 'कोणतीही सीटिंग अरेंजमेंट ३० सेकंदात' असं लिहिलंय. घेऊ का? (पलूस)

नको.

आता हे तिसऱ्यांदा विचारलं गेलंय म्हणून जरा बोलते. पाच-सहा वाक्यांचं कोडं नुसतं नीट वाचायला ३० सेकंद लागतात, मग सोडवणार कधी? व्हिडिओत तो माणूस भराभरा सोडवतो कारण त्यानं ते आधी सोडवून ठेवलंय, आणि मधली खाडाखोड कापून टाकलीय. 'प्रकार १ ते ४२' पाठ करायला देतात आणि परीक्षेत त्रेचाळिसावा येतो. पैसे द्यायच्या आधी तुमच्याजवळचं एक कोरं कोडं त्याला द्या आणि समोर सोडवायला सांगा. नाही म्हणाला तर तुमचे ४९९ वाचले, त्यात अर्धा महिना भडंग येईल.

संवादाची कोडी आली की माझी दोन-तीन उत्तरं निघतात. हे बघा: आक्का, बाळू, चंदू, दीपा, ईश्वर (दोन बायका, तीन पुरुष) घाटावर नदीकडं तोंड करून एका रांगेत बसलेत. चंदू म्हणतो, "माझ्या डाव्या हाताला कुणीच नाही." दीपा चंदूला म्हणते, "आपल्या मध्ये तिघं आहेत." मग कुणीतरी चंदूला सांगतं, "अरे, आमच्या दोघींच्या मध्ये एकटा बाळूच बसलाय." हे शेवटचं कोण बोललं तेच दिलेलं नाही. कोडं चुकलंय ना? (तासगाव)

कोडं चुकलेलं नाही, तुम्ही मराठी वाचताना इंग्रजी वाचताय. रागावू नका, याच एका गोष्टीसाठी मी हा सगळा पसारा मांडलाय.

चंदू डाव्या टोकाला, हे सरळ आहे. दीपा 'आपल्या' म्हणते, म्हणजे ऐकणारा चंदू त्यात धरलाय, म्हणून तिघं आहेत ते दीपा आणि चंदूच्या मध्ये, झाली दीपा उजव्या टोकाला. इथपर्यंत तुमचं बरोबर आहे. आता तिसरं वाक्य. तुम्ही कागदावर काय लिहिलंय? 'कुणाच्या तरी मध्ये बाळू.' बस्स. एवढंच घेतलं तर सहा मांडण्या निघतात, आणि 'आमच्या'त ऐकणारा चंदू येत नाही हे धरलं तरी चार उरतात, मी सगळ्या काढून बघितल्या. पण वाक्यात 'दोघींच्या' आहे! दोघी म्हणजे दोन्ही बायका, आणि कोड्यात बायका दोनच, आक्का आणि दीपा. बोलली कोण, आक्का का दीपा, ते कळलं नाही तरी चालतंय, कारण दोघींपैकी कुणीही बोललं तरी अर्थ तोच. दीपा पाचव्या जागी, मग बाळू चौथ्या, आक्का तिसऱ्या, आणि उरलेल्या दुसऱ्या जागेवर ईश्वर. चंदू, ईश्वर, आक्का, बाळू, दीपा. चाराची एक मांडणी एका 'ई'नं केली. (दीपाच्या 'तिघं'वरनं मात्र काही काढू नका, बोलताना आपण तिघा बाप्यांनाही तिघं म्हणतो आणि मिसळ असली तरी तिघंच.)

तर माझं म्हणणं असं, की संवाद म्हणजे फक्त माहिती नाही. कोण बोललं, कुणाला बोललं, आणि कुठल्या शब्दात बोललं ही तीन वेगळी टिपणं आहेत. मी पोरांना प्रत्येक वाक्यापुढं दोन रकाने पाडायला लावते, 'बोलणारा' आणि 'ऐकणारा', माहीत नसेल तिथं प्रश्नचिन्ह, पण रकाना रिकामा सोडायचा नाही. "तू माझ्या शेजारी आहेस" असं ज्याला म्हटलं तो माणूस बोलणारा असू शकत नाही, एवढं साधं पण लिहिल्याशिवाय दिसत नाही.

आणि आपण-आम्ही. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द. मागं एका क्लासच्या टेस्टमध्ये, नाव घेत नाही, इंग्रजी कोड्याचं भाषांतर करताना सगळीकडं सरसकट 'आमच्या मध्ये' टाकलं होतं, जिथं ऐकणारा धरायचा तिथंही. ज्या पोरांना मराठी चांगलं येतं ती सगळी चुकली आणि ज्यांनी अंदाज मारला ती बरोबर आली! माझ्या दोन मुली त्यात रडत आल्या होत्या. क्लासवाल्यांना कळवलं तर म्हणाले, एवढं कोण बघतंय. बँकेच्या क्लार्कची परीक्षा आता मराठीतनंही देता येते, त्यामुळं हे बघावंच लागणार आहे. भाषांतर वाटलं तर शेजारची इंग्रजी ओळ वाचा, आणि तिथंही दुहेरी अर्थ निघत असेल तर दोन्ही मांडण्या करून पुढच्या वाक्यावर सोडा.

पण याच्या उलटा अतिरेकही करू नका, आणि हे खास आपल्या भागासाठी. पुण्याकडच्या एका मुलीनं मला विचारलं की बोलणारी व्यक्ती "मी आलो" म्हणते, म्हणजे पुरुषच ना? बाई, इकडं ये. माझी आई शिरोळची, जन्मभर "मी आलो, मी जेवलो" म्हणाली, आणि मी स्वतः घरात अजून तसंच बोलते, लिहिताना तेवढं 'आले' करते. कोल्हापूर-सांगली भागातल्या बायकांच्या तोंडात हे सर्रास आहे. परीक्षेतलं मराठी छापील असतं म्हणून तिथं 'आले-आलो' चालून जाईल, पण हौसेनं कुणी गावाकडच्या बोलीत कोडं रचलं असेल तर त्यावर मांडणी उभी करू नका. 'आपण'चंही तसंच. "आपण कुठं बसलात?" यात आपण म्हणजे समोरचा, "आपण नाही बुवा तिथं बसणार" यात आपण म्हणजे मी एकटा. क्रियापद बघितल्याशिवाय आपणवर विश्वास ठेवायचा नाही. आणि नावावरनं बाई का पुरुष ते तर कधीच ठरवायचं नाही, किरण नावाचे किती पुरुष आणि किती बायका तुमच्या गल्लीत आहेत ते मोजा.

तुमचा कागद अजून एकदा रकाने पाडून सोडवा आणि एखाद्या मराठीच्या शिक्षकांना दाखवा. होय, गणिताच्या नव्हे, मराठीच्या.

मित्र म्हणतो की शेवटच्या वाक्यापासनं सुरुवात केली की लवकर सुटतं, खरंय का? (पलूस, वरचेच)

मित्राला सांगा, ज्या वाक्यानं एक माणूस एका जागेवर पक्का बसतो तिथनं सुरुवात करायची, मग ते पहिलं असो का शेवटचं.

क्लार्कच्या पूर्वपरीक्षेला पंधरा दिवस राहिलेत, बैठकीची कोडी अजून सुरूच केलेली नाहीत. काय करू? (जत)

सहा महिन्यांपूर्वी विचारायला हवं होतं. रिझनिंगला, म्हणजे तर्काच्या भागाला, ३५ प्रश्न आणि २० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला ३४-३५ सेकंद, आणि एका बैठकीवर चार-पाच प्रश्न लटकलेले असतात, मांडणी चुकली की सगळे एकदम जातात. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात तो वेगळाच. दरवर्षी तेच, अर्ज भरून पोरं पारावर बसतात आणि हॉलतिकीट आलं की माझ्या दारात.

आता एवढंच करा. रोज दोन रांगेची आणि एक गोलाची, घड्याळ न लावता, पूर्ण. आठवड्यानंतर घड्याळ लावा. परीक्षेत दोन-अडीच मिनिटांत एकही माणूस पक्का बसला नाही तर ते कोडं सोडा, तिथं जिद्द दाखवू नका. आधी सुटे प्रश्न घ्यायचे का कोडी, हे तुमचा वेग बघितल्याशिवाय मी सांगणार नाही, एक सराव पेपर वेळ लावून सोडवा आणि तो घेऊन कुणाकडं तरी जा. उद्याच जा.

मी साठीची गृहिणी, हौसेनं कोडी सोडवते. सहा जण गोल बसलेत, काही कायम खरं बोलतात, काही कायम खोटं, आणि प्रत्येक जण म्हणतो, "माझे दोन्ही शेजारी खोटारडे आहेत." खरे किती? नातू तीन म्हणतो, माझं उत्तर दोन येतंय. (विश्रामबाग, सांगली)

दोघंही जिंकलात. खरा बोलत असेल तर त्याचे दोन्ही शेजारी खोटे, आणि खोटा बोलत असेल तर त्याच्या शेजारी निदान एक तरी खरा पाहिजे. म्हणजे दोन खऱ्यांच्या मध्ये एक किंवा दोन खोटे बसू शकतात, शून्य नाही, तीन नाही. खरा-खोटा-खरा-खोटा असं बसवलं तर तीन खरे, खरा-खोटा-खोटा असं दोनदा बसवलं तर दोन. दोन्ही नियमात बसतात, तेव्हा कोड्यानं 'नक्की किती' विचारलं असेल तर कोडं अर्धवट आहे. चारच जण असते तर दोन हे एकच उत्तर निघालं असतं, हवं तर नातवाला करून बघायला सांगा. या जातीची कोडी रेमंड स्मुल्यन नावाच्या अमेरिकन तर्कशास्त्रज्ञानं लोकप्रिय केली, तो स्वतः जादूगारही होता आणि पियानोही वाजवायचा.

काकू, तुमचा प्रश्न वाचून मला चहा प्यावासा वाटला.

मोबाइलच्या ॲपनं दिलेलं उत्तर आणि माझं उत्तर वेगळं येतंय. कुणाचं धरायचं? (कवठेमहांकाळ)

कुणाचंच नाही, आधी ताडून बघा. कोड्यातलं एकेक वाक्य घ्या आणि दोन्ही मांडण्यांवर ठेवून बघा, ज्या मांडणीत एकही वाक्य मोडतं ती गेली. मी तुमचं कोडं करून बघितलं, ॲपच्या मांडणीत दुसरं वाक्य मोडतंय, त्यानं बाहेर तोंड करून बसलेल्याला आत बसवलंय. पण तुमच्या मांडणीतही एक माणूस दोनदा बसलाय आणि सुरेखा कुठंच नाही. कागद घेऊन या, बुधवारी संध्याकाळी मी घरी असते, आणि येताना फोटो नको, खाडाखोड केलेला मूळ कागदच आणा.