आयरिश पणजीचं माहेरचं आडनाव कसं शोधावं?

तुमच्या यजमानांच्या पणजीच्या मृत्यूच्या नोंदीत सासरचं आडनाव आहे आणि थडग्यावर वेगळंच, म्हणून ही बाई एकच की दोन, असं तुम्ही विचारलंय. बहुधा एकच. आयर्लंडच्या खेड्यांत, विशेषतः पश्चिमेकडे, लग्नानंतरही बाईला माहेरच्या आडनावाने ओळखायची रीत होती आणि थडग्यावर पुष्कळदा तेच कोरलं जाई.

मृत्युनोंदीच्या मागे लागू नका. तिथे वय, विवाहित की विधवा, मृत्यूचं कारण आणि खबर देणाऱ्याचं नाव मिळतं. माहेरचं आडनाव नाही, आईवडीलही नाहीत. शोधायच्या त्या तिच्या मुलांच्या नोंदी. १ जानेवारी १८६४ पासून प्रत्येक जन्माच्या सरकारी नोंदीत आईचं माहेरचं आडनाव असतं. आयरिशजीनिऑलॉजी डॉट आयई या सरकारी संकेतस्थळावर १०० वर्षांहून जुन्या जन्मनोंदींची छायाचित्रं फुकट पाहता येतात. त्याआधीचं मूल असेल तर कॅथलिक चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या पाहा. त्या डब्लिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ऑनलाइन ठेवल्या आहेत, पण नावाने शोध घेता येत नाही, म्हणून पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हाताखालचा परिसर, आधी ठाऊक हवं.

आडनाव सापडलं की लग्नाची नोंद काढा. तीत वधूच्या वडिलांचं नाव आणि धंदा असतो. लग्न बहुतेक वधूच्या पॅरिशमध्ये लागे, तेव्हा सासरच्या गावी नोंद नाही म्हणून थांबू नका.

वडिलांचं नाव मुलांच्या नावांशी ताडून पाहा. जुन्या रिवाजाप्रमाणे थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, तिसऱ्याला वडिलांचं नाव. थोरल्या मुलीला आईच्या आईचं, दुसरीला वडिलांच्या आईचं. हा नुसता अंदाज, पुरावा नव्हे. शिवाय मूल दगावलं की तेच नाव पुढच्या बाळाला देत, त्यामुळे एकाच घरात दोन पॅट्रिक दिसले तर गोंधळू नका.

गाडी अडते ती बहुधा नावांच्या रूपांपाशी. ब्रिजेट पुढे डेलिया होते, होनोराची नोरा किंवा हॅनोरा होते, ओ'सलिव्हनचा 'ओ' गळतो. आयरिश भाषेतल्या कागदावर ओ मुर्खू घराण्यातली लेक 'नी वुर्खू' आणि सून 'बॅन ई वुर्खू' असते. जन्मतारीख बाप्तिस्म्याच्या नंतरची दिसली तर बाप्तिस्म्याची खरी धरा: उशिरा नोंदवल्यास दंड होता, म्हणून पालक तारीख पुढे ढकलत.

१९११ ची जनगणनाही राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट आहे. तीत विवाहित बाईला लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं जन्मली आणि किती हयात, हे विचारलंय. तेवढे बाप्तिस्मे हाती लागले नाहीत तर शेजारच्या पॅरिशच्या वह्या उघडा, आधी तिच्या माहेरच्या.