घर आणि नोकरीचा समतोल कंपनीच्या धोरणावर अवलंबून असतो की बॉसवर?

बॉसवर. निदान आयटीत तरी. मी हिंजवडीत काम करते, तेवढ्यापुरतंच बोलते.

धोरण सगळ्यांना सारखंच असतं. २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची मातृत्व रजा तर कायद्यानेच मिळते. पण रजेवरून परतल्यावर कुठला प्रोजेक्ट मिळणार आणि रात्रीच्या कॉलला कोण बसणार, हे कायदा सांगत नाही, मॅनेजर सांगतो.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे बॉस प्रेमळ हवा. मला तसं वाटत नाही. माझा एक मॅनेजर फार गोड माणूस होता, मुलांची नावानिशी चौकशी करायचा. पण क्लायंटला नाही म्हणणं त्याच्या जिवावर यायचं. कॅलिफोर्नियात सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ, आणि नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की साडेदहा. तो "सॉरी हं" म्हणायचा आणि अख्खी टीम कॉलला बसायची.

पुढची मॅनेजर कडक. कौतुक बेताचंच. पण तिने क्लायंटला सुरुवातीलाच सांगितलं: आठवड्यातून दोनच रात्री कॉल, आमच्याकडून एकच जण, बाकीचं लिहून कळवू. आळीपाळीचं रोस्टर महिन्याच्या आधी हातात यायचं आणि आमच्याकडे ते फ्रिजवर लागायचं. मुलीला क्लासहून कोण आणणार, यावरची रोजची घासाघीस थांबली. २०२३ मध्ये इन्फोसिसचे नारायण मूर्ती तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं बोलले तेव्हा सगळे तासांवरच भांडत होते. तिच्या हाताखाली आमचे तास फारसे कमी झाले नव्हते, फक्त कुठले तास आपले नाहीत हे आधी कळायचं.

बॉस स्वतः कसा वागतो हेही टीम बारकाईने बघते. तो सुट्टीत मेलना उत्तरं देत बसला, तर कितीही "निवांत रजा घ्या" म्हणाला तरी कोणी घेत नाही. आणि मुलाला ताप आलाय म्हणून रजा मागणाऱ्या बापाला "बायको नाही का घरी?" असं एकदा जरी विचारलं, की पुढच्या वेळी तो स्वतःच्या पोटदुखीचं कारण देतो.

नोकरी बदलणार असाल तर एचआरला वर्क-लाइफ बॅलन्सबद्दल विचारू नका, ठरलेलंच उत्तर मिळेल. होणाऱ्या मॅनेजरला विचारा की रात्रीच्या कॉलची वेळ कोण ठरवतं आणि टीमला ती किती आधी कळते. जमलं तर त्याच्या टीममधल्या एखाद्याशीही बोलून घ्या.