सहा वर्षांच्या मुलीच्या नडगीत ऑस्टिओफायब्रस डिस्प्लेशिया (हाडातली कॅन्सर नसलेली गाठ) निघालाय. लगेच ऑपरेशन करून टाकावं का?

नाही. घाई करू नका. आम्ही केली होती.

आम्ही तासगावकडचे, द्राक्षबागायतदार. मुलगा पाच वर्षांचा असताना त्याची आई पायाला तेल चोळत होती, तेव्हा डाव्या नडगीवर मधोमध तिचं बोट अडखळलं. टणक उंचवटा, दाबला तरी पोरगं हूं की चूं नाही. कुठंतरी आपटला असेल म्हणून दोन महिने सोडून दिलं. मग नडगी पुढच्या अंगाला वाकलेली चड्डीखाली स्पष्ट दिसायला लागली आणि मिरज गाठली. एक्स-रेमध्ये हाडाच्या पुढच्या भिंतीतच फेसासारखे फुगे होते, कडेनं पांढरी रेघ. तुकडा काढून तपासला. कॅन्सर नाही, तुमच्यासारखंच निदान.

त्या रात्री आमच्या थोरल्या दादांनी ती फिल्म शेडमधल्या ट्यूबसमोर धरली. सगळं घर बघत होतं. मी जरा थांबू या म्हणालो, तर ते म्हणाले, "पैशाकडं बघू नको. पोराच्या पायात कीड ठेवतोस काय?" त्या एका वाक्यावर मी ऑपरेशनची तारीख घेतली. गाठ खरवडली, कंबरेचं हाड घेऊन पोकळी भरली. पोराला पाय दुखला नाही तेवढी कंबर दुखली. महिनाभर एक हात कमरेवर ठेवूनच झोपायचा. चौदा महिन्यांनी एक्स-रे काढला, तर त्याच जागी तेच फुगे.

दुसऱ्या डॉक्टरांनी मग शांतपणे समजावलं. इटलीच्या कंपानाच्ची नावाच्या हाडांच्या डॉक्टरांनी 1976 मध्ये या आजाराला हे नाव दिलं, तेव्हापासून हेच दिसत आलंय: दहा वर्षांच्या आत खरवडलं तर गाठ बऱ्याचदा परत येते, आणि हाडाची वाढ संपत आली की बहुतेकांची आपोआप थांबते, कधी भरूनही येते. तोवर ब्रेस (पायाला बाहेरून आधार देणारा साचा) लावायचा, ठरल्या वेळी एक्स-रे काढायचा.

दादा आजही लग्नाकार्यात सांगतात की सर्जनचा हात कच्चा होता म्हणून परत आली. नाही दादा. सर्जनचा हात चांगला होता, पोराचं वय चुकीचं होतं. आणि मी थांबा म्हणालो होतो ते पैशासाठी नव्हे. आता तो सोळाचा आहे. दुसरं ऑपरेशन केलं नाही, तीन वर्षांत गाठ जागची हलली नाही. नडगी थोडी वाकडी आहे, पण सायकलवरून कॉलेजला जातो.

अर्थात प्रत्येक पाय वेगळा. हाड मोडून जुळत नसेल, वाक झपाट्यानं वाढत असेल, तर ऑपरेशन लागतं, तेव्हा माझं ऐकत बसू नका. आणखी एक, हे खरं तर आधी लिहायला हवं होतं: याच जागी ॲडमॅन्टिनोमा नावाचा कॅन्सर होतो, दिसायला जवळपास असाच. छोट्या तुकड्यात तो निसटू शकतो. म्हणून त्या तुकड्याची स्लाइड हाडांच्या गाठींचा अनुभव असलेल्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून बघून घ्या. दुखायला लागलं किंवा गाठ भरभर वाढली, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

ब्रेसखाली गुडघ्यापर्यंतचा सुती मोजा घाला. एप्रिल-मेमध्ये घामानं पट्ट्याखालची कातडी सोलते, आणि मग पोरं ब्रेस दप्तरात घालून शाळेत जातात.