‘शर्यत झाली की बघू’

“मॅडम, सगळं चांगलं चाललंय आणि मला काहीच चांगलं वाटत नाही. असं होतं का कुणाला?”

होतं. हा प्रश्न मी सीए झालेल्या मुलीकडून ऐकलाय, मुलीचं लग्न उरकून मोकळ्या झालेल्या बापाकडून ऐकलाय. जानेवारीत तो घेऊन राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत आले ते त्रेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ. शिरोली एमआयडीसीत भागीदारीत मशीन शॉप. मित्र त्यांना दादा म्हणतात, आपणही तेच म्हणू. (त्यांच्या परवानगीने लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

नोव्हेंबरात दादांनी मलेशियातल्या लंकावीला पहिली पूर्ण अंतराची ट्रायथलॉन केली होती. समुद्रात ३.८ किलोमीटर पोहायचं, बाहेर येऊन १८० किलोमीटर सायकल मारायची आणि त्यावर ४२.२ किलोमीटर धावायचं. सगळं १७ तासांच्या आत. दादांनी १५ तास ५२ मिनिटं घेतली. चाळिशीपर्यंत ज्यांना पोहता येत नव्हतं, त्यांनी.

कोल्हापूरनं स्वागतात कसूर केली नाही. कावळा नाक्यापासून हलगी, डोक्याला फेटा, गल्लीच्या तोंडाला हा मोठा डिजिटल फलक. त्यावर ‘नाद खुळा’ आणि दादांचा मेडल दातात धरलेला फोटो. तीन आठवड्यांनी त्याच्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा डिजिटल चढला. “मला वाईट वाटायला पाहिजे होतं,” दादा म्हणाले, “पण सुटल्यासारखं झालं. रोज त्याच्याखालनं जाताना चोरासारखं वाटायचं.”

पहाटे चारला जाग येत होती आणि करायला काही नव्हतं. सायकलवर धूळ. भूक मात्र तीच, चौदा महिन्यांच्या सरावाची सवय. कामगारांवर चिडचिड. आणि जो भेटेल तो विचारायचा, “भावा, आता पुढं काय?”

अशा वेळी मी आधी रुक्ष प्रश्न विचारते. झोप किती, जेवण कसं, जगणं नकोसं होतंय का. उदासी दोन आठवड्यांहून जास्त दिवस जवळजवळ रोज टिकली, कशातच मन रमेनासं झालं, तर समुपदेशकावर न थांबता मनोविकारतज्ज्ञांकडे जावं; आणि मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडे मोजत बसू नये. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठीच आहे. दादांचं तसं नव्हतं. मित्रांसोबत मिसळ खायला गेले की हसत होते, मशीनवर नवं काम आलं की रमत होते. घरी आलं की विझायचे. तरी रक्त तपासून घ्यायला लावलं, कारण इतक्या श्रमानंतर हिमोग्लोबिन किंवा थायरॉइडची भानगडही उदासीचं सोंग घेऊन येते. रिपोर्ट ठीक निघाले.

मग मी नेहमीचं समजावलं. आठवड्याला चौदा-पंधरा तासांचा व्यायाम एकदम शून्यावर आला की शरीरही रुसतं. अभिनव बिंद्रानं २००८ साली बीजिंगला सुवर्णपदक जिंकलं आणि त्यानंतर मोठी पोकळी जाणवली, हे त्यानं स्वतः उघडपणे सांगितलंय. मांडव उतरवल्यावर लग्नघर जसं भकास दिसतं तसंच हे, म्हटलं. दादांनी मान डोलावली. आणि इथे मी चूक केली. म्हटलं, एखादं छोटं ध्येय ठेवून बघा.

पुढच्या आठवड्यात ते जरा खुशीत आले. मोबाइलवर पुढच्या शर्यतीचा फॉर्म उघडा, फक्त पैसे भरायचे बाकी. सोबत वहिनी होत्या. त्या तोवर गप्प होत्या, फॉर्म बघितला आणि म्हणाल्या, “म्हणजे अजून एक वर्ष ‘शर्यत झाली की बघू’.”

दादांचा चेहरा उतरला. मी कागद पुढे केला आणि वहिनींना म्हटलं, चौदा महिन्यांत हे वाक्य कशाकशाला ऐकलंत ते सांगा.

त्यांना आठवायला वेळ लागला नाही. आईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन. थोरल्याची दहावी, त्याला गणिताला बसवायचं. न्हाणीघराची गळती. भागीदाराला बाहेर पडायचंय, त्याच्याशी हिशेब. जोतिबाचा नवस. आणि गावाकडची उसाची जमीन, धाकट्या भावानं दोन वर्षं धरलेला वाटणीचा विषय. अशा करत करत अकरा गोष्टी झाल्या. दादांनी कागद स्वतःकडे ओढून बारावी लिहिली : सायकलसाठी सोसायटीतनं काढलेलं कर्ज. ते वहिनींना ठाऊक नव्हतं. पाच मिनिटं खोलीत कुणी बोललं नाही.

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. मी पोकळी शोधत होते, आणि दादांच्या दारात तर रांग लागली होती. इतके दिवस ‘नाही’ म्हणायला त्यांच्याकडे असं कारण होतं की समोरचाच ओशाळायचा. पहाटे उठून गगनबावड्यापर्यंत सायकल मारून आलेल्या माणसाला वाटणीचं कोण विचारणार? भावाचा फोन आला की दादा म्हणायचे, “उद्या लाँग राइड आहे रे.” भाऊ म्हणायचा, “कर बाबा, जपून कर.” शर्यत संपली आणि ती ढाल गेली. मेहनतीत लबाडी होती असं मी म्हणणार नाही. मेहनत खरी होती, आडोसाही खरा होता. तालमीच्या या गावात घाम गाळणाऱ्याला सगळं माफ असतं, हे मात्र आपण जरा तपासायला हवं.

मी पुढच्या शर्यतीला नाही म्हटलं नाही. तो माझा अधिकार नव्हे. एवढंच ठरलं की बारापैकी चार गोष्टी मार्गी लागल्याशिवाय फॉर्मचे पैसे भरायचे नाहीत. पहिल्या दोन दादांनी झटक्यात केल्या, कारण सोप्या होत्या. गळती काढली, आईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. तिसरी जमीन. भावासोबत बांधावर उभं राहून दोन तास बोलले. भांडण झालं. पुन्हा गेले. मोजणीचा अर्ज दिलाय, निकाल काही लागलेला नाही. पण आता भावाचा नंबर मोबाइलवर दिसला की पोटात गोळा येत नाही, असं म्हणाले. कर्जावरून घरात आठवडाभर अबोला होता, तोही सांगितला पाहिजे.

मार्चमधल्या भेटीत दादा उशिरा आले, टी-शर्ट घामानं ओला.

“सायकल काढलीत वाटतं?”

“मी कुठं काढतोय? हिनंच काढायला लावली.”

वहिनी मागून आल्या. “चौदा महिने हे पहाटे बाहेर असायचे. सहा ते सात मला घर एकटीला मिळायचं. चहा, पेपर, कुणाची हाक नाही. डिसेंबरपासनं हे समोर बसून ‘काय करू’ म्हणतायत. म्हटलं, रंकाळ्याला जा नाहीतर कागलला जा, पण सातच्या आत परत येऊ नका.”