परतीचे अकरा किलोमीटर

भो,

तुझा निरोप काल रात्रीच वाचला. तेव्हाच उत्तर लिहिलं असतं तर दोन-चार शिव्या गेल्या असत्या, म्हणून सकाळचा चहा होऊ दिला. चोपड्याहून अडावदच्या दिशेने चौदा जायचे, चौदा यायचे, सतराव्या किलोमीटरला नडगीत चमक निघाली, इथपर्यंत नीट कळलं. पुढे तू कुठे थांबलास ते शोधत होतो. थांबलाच नाहीस. लंगडत, दात-ओठ खात अकरा किलोमीटर पळत घरी आलास, आणि वर लिहितोस, 'पण सर, २८ पूर्ण केले.'

सतराव्याला जे झालं ते कुणालाही होतं. त्याबद्दल मी काही बोलणार नाही. पुढचे अकरा मात्र तू समजून-उमजून पळालास, म्हणून हे पत्र.

मीही असाच पळालो होतो. सत्ताविशीत होतो, शाळेत नुकताच लागलो होतो. हाच रस्ता, डाव्या हाताला सातपुडा, दोन्हीकडे केळी. नऊ किलोमीटर घर राहिलं असताना नडगी धरली. फाट्यावर काळीपिवळी उभी होती, ड्रायव्हर ओळखीचा, सीट रिकामी. पण टपरीवर चार जण बसले होते आणि त्यातला एखादा 'काय व्हयनं मास्तर?' म्हणेल एवढ्याशा भीतीने मी त्यांच्यासमोरून ताठ पळत गेलो. त्यांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी जिना उतरता येईना. मग गावातल्या एका हाडवैद्याकडून तेल चोळून घेतलं, शेकलं, आणि आठवड्याने 'बघू तरी' म्हणून पुन्हा पळालो. तीन महिने गेले. मैदानावर खुर्ची टाकून शिट्टी वाजवत पी.टी. घेणारा मास्तर पोरांनी कधी विसरला नाही.

आता तुझ्या पायाचं. खाली बस, पाय पसर आणि नडगीच्या आतल्या कडेने घोट्यापासून वर एकेका बोटाने दाबत जा. दुखणं चार-पाच बोटं लांबीच्या पट्ट्यावर पसरलेलं असेल, आणि पळायला लागल्यावर अंग तापलं की ते थोडं कमी होत असेल, तर बहुतेक हाडावरचं आवरण आणि त्याला धरून असलेले स्नायू चिडलेत. त्याला शिन स्प्लिंट म्हणतात. चिडखोर दुखणं, पण ऐकतं. उलट, एका बोटाच्या टोकाखाली एकच जागा अशी सापडली की दाबल्यावर पाय आपोआप मागे खेचला जातो, पळताना दुखणं वाढतच गेलं, रात्री पडल्या पडल्याही ठणकतंय, तर हाडाला बारीक चीर असण्याची शंका घ्यायची. स्ट्रेस फ्रॅक्चर ते हेच. तू लिहिलंयस, 'रात्री जाग आली.' हे वाक्य मला आवडलेलं नाही.

एका पायावर उडी मारून बघू का, असं विचारशील. नको मारू. ते डॉक्टरसमोर.

हाडाच्या डॉक्टरकडे या दोन-तीन दिवसांत जा. आणि एक लक्षात ठेव, मुलं इथेच फसतात. अशी चीर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसतच नाही. फिल्म स्वच्छ आली म्हणजे हाड ठीक, असं नसतं. दुखण्याची जागा बोट ठेवून दाखव, किती दिवसांत किती किलोमीटर वाढवले ते खरं सांग. गरज वाटली तर ते एमआरआय सांगतील. खर्चाचं काम आहे, पण वेळेवर केलेलं बरं. तोवर पळणं बंद, दोरीच्या उड्या बंद. चालताना लंगडावं लागत असेल तर चालणंही कमी. लंगडत राहिलास की दुसऱ्या पायाची पोटरी आणि गुडघा बिल फाडतात. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून तीन-चारदा लावलास तर ठणका कमी होईल. चोळायचं अजिबात नाही, आजीने कितीही आग्रह केला तरी.

आणि ती गोळी. निरोपाच्या शेवटी हळूच लिहिलंस की पळायच्या आधी मेडिकलवरून दुखण्याची गोळी घेतली होती, 'कारण आदल्या आठवड्यापासून जरा दुखत होतं.' म्हणजे सतराव्याची चमक पहिली नव्हतीच. पाय आठवडाभर सांगत होता आणि तू त्याचं तोंड बंद केलंस. शिवाय घाम गाळून अंगातलं पाणी कमी झालेलं असताना या गोळ्या मूत्रपिंडाला जड जातात. दिवाळी झाली तरी आपल्याकडे नऊ वाजता ऊन काय असतं, तुला सांगायला नको.

तुझी वही काढून बघ. दसऱ्याच्या आसपास सगळ्यात लांब धाव २१ ची. तीन आठवड्यांत २८. मधल्या एकाही आठवड्यात उतार नाही. फुफ्फुसं आणि हृदय महिन्याभरात तयार होतात, दम लागत नाही, म्हणून वाटतं आपण तयार आहोत. हाड सावकाश तयार होतं. ताण पडला की ते आधी झिजतं, मग भरतं. भरायच्या आत पुन्हा झिजवलं तर खाली चीर पडते. तुझा दम हाडाच्या पुढे निघून गेला, एवढंच झालं. बूट किती किलोमीटर चाललेत तेही बघ. ५०० ते ८०० च्या पुढे तळव्यातला मऊपणा बराचसा गेलेला असतो. शिवाय या रस्त्याला मधून कडेकडे उतार आहे. तू समोरून येणारी वाहनं दिसावीत म्हणून उजव्या बाजूने पळतोस, ते बरोबरच. पण जातानाही उजवी कड, येतानाही उजवी कड, म्हणजे अठ्ठावीसच्या अठ्ठावीस किलोमीटर उजवा पाय खालच्या अंगाला. साइडपट्टीवर मुरूम चांगला दाबलेला असेल तिथे तिच्यावर उतरत जा.

परत सुरू करशील तेव्हा लांब धाव अशी सरळ रेषेत आखायची नाही. चौदा बाहेर गेलास की घर चौदा लांब. दुखलं तरी माणूस पळत येतो, कारण दुसरं काही सुचत नाही. चार-पाच किलोमीटरचा फेरा धर, घरावरून जाणारा. दर फेऱ्याला दार समोर येतं, थांबणं सोपं होतं. कंटाळा येईल. येऊ दे. जळगावला मामाकडे असशील तेव्हा मेहरूण तलावाच्या काठाने फेऱ्या मार. आणि बाहेर जायचंच असेल तर खिशात शंभराची नोट, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, नाहीतर घामाने लगदा होतो. एसटी आहे, काळीपिवळी आहे, या दिवसांत कापूस वेचायला बाया नेणाऱ्या गाड्या पहाटेपासून धावतात. हात केला की कुणीही थांबतं.

जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारचं विचारलंस. मुंबईला मॅरेथॉन पळायला जायला मिळेल का? चीर निघाली तर नाही, भो. अशा हाडाला साधारण सहा ते आठ आठवडे पळण्यापासून सुटी लागते आणि नंतर पळणं वाढवायला तेवढाच काळ. तिकीट रद्द करून टाक. नंबर दुसऱ्या कुणाच्या छातीवर लावून पळवू नकोस, ते नियमात बसत नाही आणि त्या पोराला काही झालं तर दवाखान्यात तुझं नाव सांगतील. फक्त शिन स्प्लिंट निघालं तर डिसेंबरच्या मध्यावर बोलू. तेव्हाही बहुधा पूर्ण ४२ किलोमीटर नाही.

दोन आठवडे बसल्याने दम फारसा जात नाही, ही काळजी डोक्यातून काढ. डॉक्टर हो म्हणाले आणि दुखत नसेल तर माझी सायकल घेऊन जा, चेन घातलेली आहे. सोमवारचा निर्जळी उपास महिनाभर सोड. हाड भरायला दूध, डाळ, दादर ज्वारीची भाकरी पोटात जायला लागते. आईला मी सांगतो.

तपासून आलास की शनिवारी संध्याकाळी घरी ये. रिपोर्टचा मोबाइलवरचा फोटो नको, फिल्म आण. आणि बूट आण, दोन्ही पायांचे. न धुता.