गव्हाची टीपी, अन् रसद काहून नाही

प्रश्न असा होता, की दुसऱ्या महायुद्धात तटस्थ स्पेनला इंग्रजांनी आपल्या समुद्री नाकेबंदीतून गहू मिळू दिला, त्याला 'स्पेनला रसद पुरवली' म्हणता येईल का, अन् त्यासाठी जहाजावरच्या मालाले लागणाऱ्या 'नेव्हिसर्ट' नावाच्या इंग्रजी परवान्याला मराठीत काय म्हणावं?

मले विचाराल तर रसद नाही चालत. शब्द फारसीतला, आपल्याकडे फौजेसोबतच रुळलेला. पानिपतावर रसद तुटली म्हणतो आपण, पण दुष्काळात वाटलेल्या जवारीले कोणी रसद म्हणते का? आताही पेपरवाले 'बंडखोराला आतून रसद पुरवली' लिहितात तेव्हा तो माणूस त्याच्या बाजूचा हे कळूनच जाते. अन् स्पेनच्या गव्हाचं घोडं नेमकं तिथंच अडलं होतं ना! 1939 मध्ये स्पेनमधली यादवी संपली, लोक उपाशी, तिथला हुकूमशहा फ्रँकोचा ओढा हिटलरकडे, आता गहू जास्त जाऊ द्यावा तर तोच पुढं जर्मनीची रसद होईल अन् अजिबात नाही द्यावा तर फ्रँको उठून तिकडेच जाऊन बसेल अन् स्पेनच्या टोकावरचा इंग्रजांचा तळ जिब्राल्टर धोक्यात. म्हणून गरजेपुरता जाऊ द्यायचा, साठा होऊ द्यायचा नाही. ऑक्टोबर 1940 मध्ये फ्रान्स-स्पेन सीमेवरच्या हेंडायेला फ्रँको-हिटलर भेट झाली, तेव्हा युद्धात उतरायचं मोल म्हणून फ्रँकोनं जे मागितलं त्यात धान्यही होतं, म्हणजे गडी दोन्ही दुकानांत उधारीची वही घेऊन उभा!

आता नेव्हिसर्ट. माल जिथून निघतो तिथंच इंग्रजांच्या वकिलातीकडून घ्यायचा कागद, पहिल्या महायुद्धात 1916 ला निघाला अन् 1939 ला परत आला. कागद नसला तर जहाज समुद्रात अडवून तपासणीला नेणार. 'नौप्रमाणपत्र' वगैरे नका करू बाप्पा, कोणाच्या तोंडी बसणार नाही. आमच्या पांढरकवड्याकडे सागाचं लाकूड हलवायचं तर फॉरेस्टची टीपी, म्हणजे ट्रान्झिट पास, लागते, नाक्यावर दाखवली की गाडी सुटते नाही तर रात्रभर तिथंच उभी. नेव्हिसर्ट म्हणजे गव्हाची टीपीच. छापायचं असेल तर 'वाहतूक परवाना' लिहा, अन् नाकेबंदी शब्द तर आहेच, नाका आला की परवाना आलाच.

राहिलं क्रियापद. 'पुरवला' पण नको, त्यात आपुलकी वाटते. 'सोडला' लिहा. कॅनॉलचं पाणी पाळीपाळीनं सोडतात, अन् चावी दुसऱ्याच्या हातात असते, तसा सोडला.